सतरा नंबरच्या टर्मिनलवरचा रुमाल

संपादकांनी फोनवर सांगितलं, "कदम, तुमच्या कॉम्प्युटर सेंटरच्या गमतीजमती लिहा. हलकंफुलकं असू द्या, लोक फराळ करता करता वाचतात." मी बरं म्हटलं. पण लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीला माझं डोकं तापलं. म्हणून दोन गमती आधी उरकतो आणि मग जे सांगायचं आहे ते सांगतो. ज्यांना चकली गोड मानून खायची असेल त्यांनी गमतींनंतर पान उलटावं.

मी मूळचा खंडाळा तालुक्यातला, घरचा थोडा ऊस, भाऊबंद सगळे पलटणीत. मीही लष्करात सिग्नलला, म्हणजे संदेशवहनाच्या दलात होतो. तिथून हवालदार म्हणून बाहेर पडलो आणि नव्वदच्या दशकात सांगलीजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या कॉम्प्युटर सेंटरला लागलो. कॉलेजचं नाव सांगत नाही. ज्यांना कळेल ते तसेही माझ्याशी बोलत नाहीत. पोरं मला 'हवालदार सर' म्हणायची आणि मला ते आवडायचं.

आताच्या वाचकांना तेव्हाचं सेंटर समजावून सांगायला हवं. मधल्या काचेच्या खोलीत एक मोठं मशीन असायचं. सगळं डोकं तेवढंच. बाहेरच्या हॉलमध्ये टर्मिनलं, म्हणजे नुसता पडदा आणि कीबोर्ड, वायरनं त्या डोक्याला जोडलेले. पडद्यावर हिरवी अक्षरं. प्रत्येक विद्यार्थ्याला एक लॉगिन नाव आणि पासवर्ड. एका टर्मिनलवर बसून दुसऱ्याच्या पडद्यावर तत्क्षणी मजकूर उमटवायची सोय होती: 'राइट' असं लिहायचं, पुढे ज्याला पाठवायचं त्याचं नाव, आणि मग मजकूर. समोरच्याच्या मशीनमधून 'टीं' असा आवाज यायचा आणि त्याच्या कामाच्या मधोमध तुमचे शब्द उमटायचे. आज खिशातल्या फोनवर जे चालतं ते आम्ही तेव्हा वायरीवर चालवत होतो. फोरट्रानचा प्रोग्रॅम राहिला बाजूला, पोरांना त्या 'टीं'चं जबरदस्त वेड लागलं होतं.

आता गमती. दुसऱ्या वर्षाच्या एका पोराला वर्गातल्या एका मुलीला विचारायचं होतं, संध्याकाळी गणपतीच्या देवळाकडे येतेस का. एकाला पाठवायची आज्ञा वेगळी आणि सगळ्यांना पाठवायची वेगळी. या गड्यानं घाईत दुसरी वापरली. एकाच वेळी सगळा हॉल 'टीं' करून वाजला. संध्याकाळी देवळापाशी निम्मा वर्ग हजर होता, ती मुलगी सोडून. दुसरी गंमत गणिताच्या एका वयस्कर सरांची. त्यांना संदेश आला की ते चष्मा वर करून तो वाचायचे आणि पडद्याकडे बघूनच मोठ्यानं उत्तर द्यायचे, "हो रे, उद्या आण!" मी त्यांना तीनदा सांगितलं की सर, त्याला ऐकू जात नाही. ते म्हणाले, "दहा फुटांवर तर बसलाय, ऐकू कसं जात नाही?" झाल्या गमती.

आमच्याकडे पोरं शंभरावर आणि टर्मिनलं दोन डझन. त्यामुळे जागेवरून रोज भांडणं. मग पोरांनीच एसटीतली पद्धत सुरू केली. स्टँडवर गाडी लागली की खिडकीतून आत रुमाल टाकायचा, सीट आपली. इथेही लॉगिन करायचं, कीबोर्डवर रुमाल पसरायचा आणि जर्नलवर सही आणायला, नाहीतर चहाला जायचं. परत येईपर्यंत त्या टर्मिनलला कुणी हात लावायचा नाही. मी ती पद्धत बंद करायला हवी होती. उलट मी तिचा नियमच करून टाकला. फळ्यावर स्वतःच्या हातानं लिहिलं: रुमाल पंधरा मिनिटं ग्राह्य धरला जाईल. भांडणं एका दिवसात थांबली. प्राचार्यांनी मीटिंगमध्ये माझं कौतुक केलं आणि मी मिशीला पीळ दिला.

लॉगिन उघडं टाकून उठणं म्हणजे सही केलेला कोरा कागद टेबलावर ठेवून जाणं. सोळा वर्षं सिग्नलमध्ये घालवलेल्या माणसाला हे कळत नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही. तिथे संदेश कोणी दिला, कोणी घेतला, किती वाजता, हे लिहिल्याशिवाय आम्ही पाणीसुद्धा प्यायचो नाही. इथे मात्र पोरं आहेत, कॉलेज आहे, काय होतंय असं म्हणून सोडून दिलं.

त्या वर्षी तपासणी समिती येणार होती. नव्या शाखेला मान्यता हवी होती आणि त्यासाठी टर्मिनलं कमी पडत होती. प्राचार्यांनी मार्ग काढला. सातारा जिल्ह्यातल्या एका ओळखीच्या संस्थेतून आठ टर्मिनलं टेम्पोतून उसनी आणली. रविवार होता, कॉलेज बंद, शिपाईसुद्धा नव्हता. ती मी आणि एका तरुण लेक्चरर सरांनी उतरवली. त्यांना आपण माने म्हणू. सहा हॉलमध्ये जोडली. दोन स्टोअरमध्ये कुलपात ठेवली, एखादं ऐन वेळी बिघडलं तर बदलायला. चलनावर मानेसरांनी सही केली. घाम पुसत ते म्हणाले, "कदम, ही शुद्ध लबाडी आहे." मी म्हटलं, "सर, त्या वायरीचं टोक जरा धरा." म्हणजे त्या लबाडीत मीही होतो, हे आधीच कबूल करतो.

सोमवारी समिती आली. प्राचार्यांना आमच्या 'तात्काळ संदेशवहना'ची फार हौस. त्यांनी काचेच्या खोलीत मुख्य मशीनसमोर समितीला बसवलं. पहिल्या टर्मिनलवरचा हुशार पोरगा 'वेलकम' असं पाठवणार, असं ठरलेलं होतं. प्राचार्य म्हणाले, "बघा, आता एक विद्यार्थी तिकडून आपल्याला संदेश पाठवेल." लगेच 'टीं' वाजलं. ते वाकले आणि कौतुकानं मोठ्यानं वाचू लागले. मजकूर मराठी होता, अक्षरं इंग्रजी. "साहेब, या कॉलेजातली आठ टर्मिनलं उसनी आहेत. परवा परत जातील." वाचून होईपर्यंत ते काय वाचताहेत हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. मागून 'वेलकम' आलं, पण तोपर्यंत उशीर झाला होता.

समितीनं काय केलं? एकानं घसा खाकरला. अध्यक्षांनी काजूची बशी जवळ ओढली आणि ग्रंथालय कुठल्या बाजूला आहे ते विचारलं. यथावकाश मान्यताही मिळाली. म्हणजे त्या संदेशानं कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही, एकीचा अपवाद सोडून.

समिती जेवायला गेली तसे प्राचार्य माझ्यावर ओरडले, "कदम! कोण आहे तो?" मी म्हटलं, "दोन मिनिटं, साहेब." मशीन सगळ्याची नोंद ठेवतं. मी नोंद काढली, खरखर करत कागद छापला आणि त्यांच्या हातात दिला. टर्मिनल सतरा. लॉगिन सुनंदा वाघमारे, शेवटचं वर्ष. दोन मिनिटं म्हटलं होतं, दीड मिनिटात दिलं. त्या वेळी मला त्याचा अभिमान वाटला, ही गोष्ट आजही मला जाळते. कारण नोंद सांगते ती फक्त उघड्या लॉगिनचं नाव. बोटं कुणाची होती ते ती सांगत नाही, आणि रुमालाचा नियम करणाऱ्या माणसाला हे साऱ्या कॉलेजात सगळ्यांत आधी समजायला हवं होतं.

सुनंदा कवठे महांकाळची. वडील कुपवाडच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर. आजोबांनी छप्पन साली बौद्ध धर्म स्वीकारलेला, आणि त्या घरातली इंजिनिअर होऊ घातलेली ही पहिली. हॉस्टेलवर राहायची, कमी बोलायची, आणि माझ्या हॉलमध्ये जागेसाठी एकदाही भांडली नव्हती. तिला बोलावलं तेव्हा ती म्हणाली, "आवं सर, मी जर्नलवर सही घ्यायला गेलते. रुमाल ठिवलावता की. तुमचाच नियम हाय न्हवं?" ती माझ्याकडे बघत होती. प्राचार्यही माझ्याकडे बघत होते. मी खाली बघितलं.

प्राचार्यांनी तिची टर्म ग्रँट करायची नाही असं ठरवलं. बाहेरच्यांसाठी सांगतो: विद्यार्थ्यानं सत्र नीट पूर्ण केलं असं कॉलेजनं म्हटल्याशिवाय विद्यापीठाची परीक्षा देता येत नाही, आणि हॉलतिकीट कॉलेजच्या ऑफिसातूनच मिळतं. परीक्षा आठ दिवसांवर होती. हॉलतिकीट ऑफिसच्या कपाटात अडकलं म्हणजे वर्ष गेलं. पुढच्या वर्षी घरचे पुन्हा पाठवतील की लग्न उरकतील, हे कुणी सांगावं? ऑफिसातला एक क्लार्क मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "सवलतीवर यायचं आणि वर हे धंदे करायचे." मी त्याला काहीतरी बोललो असतो तर आज इतका राग आला नसता. मी चहा पीत राहिलो.

बुधवारी तिचे वडील आले. कामावरूनच आले होते, हाताला तेल, शर्टावर लोखंडाचा कीस. प्राचार्य गोड बोलले. माफीनामा लिहून द्या, मी मोठ्या मनानं विषय संपवतो, म्हणाले. कागद टाइप करून तयारच होता. नोंद समजावून सांगायला म्हणून मलाही तिथे उभं केलं होतं.

वाघमारेंनी तो कागद दोनदा वाचला. मग म्हणाले, "साहेब, पोरीनं केलं आसंल तर मीच तिला घरी न्हेतो. तुमी शिक्षा द्यायचीबी गरज न्हाई." आणि मुलीकडे वळून विचारलं, "तू केलंस का?"

"न्हाई, आप्पा."

"मग सही करू नगंस."

"अहो, तिचं वर्ष जाईल," प्राचार्य म्हणाले.

"जाऊ द्या की, साहेब. न केलेलं केलं म्हणून लिवून दिलं, तर ते जलमभर जायचं न्हाई."

त्यांनी कागद टेबलावर सरळ करून ठेवला आणि बाहेर पडले. जाताना मला नमस्कार केला. मी तो कसा घेतला ते आठवत नाही.

घरी जाऊन जेवलो नाही. बायकोनं विचारलं, काय झालं. तिला सगळं सांगताना मी त्या संदेशातले शब्द जसेच्या तसे बोललो आणि 'आठ' म्हटल्यावर थांबलो. हॉलमध्ये सहाच होती. पोरांनी सहाच पाहिली होती. दोन स्टोअरमध्ये कुलपात. आठ हा आकडा फक्त तिघांना माहीत होता: प्राचार्य, मी आणि मानेसर. प्राचार्य स्वतःच स्वतःला असला संदेश पाठवणार नाहीत. मी पाठवला नव्हता. उत्तर सोमवारपासून डोळ्यांसमोर होतं आणि मी नावाचा कागद छापून छाती फुगवून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी मानेसरांना सायकल स्टँडवर गाठलं. त्यांनी नाकारलं नाही, एवढं त्यांच्या बाजूनं सांगतो.

"मी खोटं लिहिलं का, कदम? सांगा."

"खरंच लिहिलंत. पण त्या पोरीच्या नावावर."

"माझं प्रोबेशन अजून संपलेलं नाही. मी उघड बोललो असतो तर दुसऱ्या दिवशी घरी बसलो असतो. तिला काय, विद्यार्थिनी आहे, समज देऊन सोडतील असं वाटलं."

"तिला म्हणजे? तुम्हाला माहीत होतं कुणाचं लॉगिन आहे ते?"

"नाही हो. रुमाल उचलला, खुर्ची मोकळी होती, पोरं सगळी काचेकडे बघत होती. नाव मी बघितलंसुद्धा नाही."

माझा हात उठला होता. खोटं कशाला सांगू, उठला होता. लबाडीची चीड मलाही होती, पण हा माणूस खरेपणा दुसऱ्याच्या खिशातून खर्च करत होता आणि कुणाच्या खिशातून ते बघायचीही त्याला गरज वाटली नव्हती. मी म्हटलं, "सर, आत्ता चला आणि प्राचार्यांना सांगा." ते म्हणाले, विचार करून सांगतो. तो विचार अजून चालू आहे. प्रोबेशन त्यांचं व्यवस्थित संपलं आणि पुढे ते विभागप्रमुखही झाले.

मग मी स्वतःच कागद घेतला आणि हातानं लिहिलं. रुमालाचा नियम माझा. नोंदीवरून माणूस सिद्ध होत नाही, हे मला माहीत असून मी सांगितलं नाही. संदेशात आठ हा आकडा आहे, आणि आठ टर्मिनलं रविवारी टेम्पोतून कुठून आली, कुठे किती ठेवली, कुणी उतरवली हे सुनंदा वाघमारेला माहीत असणं शक्य नाही. म्हणून तो संदेश तिनं पाठवलेला नाही. खाली सही, हुद्दा, वेळ. प्रत विद्यापीठाला आणि समितीच्या अध्यक्षांना, असंही लिहिलं.

प्राचार्यांनी वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. तिची निर्दोषता सिद्ध करायची तर उसनी टर्मिनलं कागदावर येत होती. माझ्याआधी ते त्यांना उमगलं असावं.

"कदम, हा कागद बाहेर गेला तर तुमचीही नोकरी जाईल."

"माहीत आहे, साहेब."

"काय हवंय तुम्हाला?"

"तिचं हॉलतिकीट. माफीनाम्याशिवाय."

त्यांनी घंटी वाजवली. त्याच क्लार्कनं हॉलतिकीट आणून दिलं. इतकंच काम होतं, घंटी वाजवण्याचं. मग प्राचार्य म्हणाले, "आता तो कागद." मी त्यांच्यासमोर तो चार तुकडे करून टोपलीत टाकला आणि बाहेर आलो. खरं सांगतो, लढाई मारल्यासारखं वाटलं होतं.

त्याच आठवड्यात हॉलमध्ये नवी पाटी लागली. संदेशसुविधेचा वापर जबाबदारीने करावा, आदेशावरून, प्राचार्य. मला ती दारातून दिसायची आणि अंगाचा तिळपापड व्हायचा. मला कुणी विचारलं असतं तर तीन ओळी लिहिल्या असत्या. उठताना लॉगिन बंद करा. जे स्वतःच्या नावानं बोलायची छाती नाही, ते दुसऱ्याच्या नावानं बोलू नका. आणि हातात छापील कागद आला म्हणून कुणाला गुन्हेगार धरू नका, आधी त्या माणसाला विचारा. शेवटची ओळ कॉलेजसाठी, त्यातही माझ्यासाठी.

हॉलतिकीट घेऊन मी स्वतः सुनंदाकडे गेलो. ती लायब्ररीच्या पायऱ्यांवर बसली होती. तिनं नाव आणि सीट नंबर तपासला आणि विचारलं, "सर, साहेबांना तुमी काय म्हणलासा?" मी सगळं सांगितलं, कागदात काय काय लिहिलं होतं तेही. जरा रंगवूनच सांगितलं.

"मग तो कागद मला द्या की," ती म्हणाली. "हॉस्टेलवर पोरी माझ्याशी बोलत न्हाईत. सगळ्यांना वाटतंय मीच केलंय. त्यांना दाखवते."

"तो फाडला गं. त्याच्या बदल्यातच तर हे मिळालं."

तिनं हॉलतिकीट पुस्तकात ठेवलं. ओरडली नाही, रडली नाही. म्हणाली, "त्यात माझं नाव हुतं, सर. फाडायच्या आधी मला इचारायचं तरी."

ती परीक्षेला बसली आणि पहिल्या वर्गात पास झाली. पण त्या वर्गातल्या साठ-सत्तर जणांसाठी समितीसमोर कॉलेजची अब्रू घालवणारी मुलगी तीच राहिली. ती खरं बोलली म्हणून काही जण तिचं कौतुकही करायचे. तेही तिनं न केलेल्या गोष्टीचं.

हे लिहून झाल्यावर संपादक म्हणाले, मुलीचं नाव बदला, अडचण नको. या वेळी मी आधी तिलाच फोन लावला. ती आता पुण्यात मोठ्या हुद्द्यावर आहे. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "नाव बदलू नका, सर. बदललं तर मी केलं न्हवतं हे कुणाला कळणार?"

तर तिचं नाव सुनंदा गौतम वाघमारे. तो संदेश तिनं पाठवला नव्हता.